कमवा-शिकातली एक जागा

त्र्याहत्तर साली मी साताऱ्याला कॉलेजात गेलो. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, पण आमच्या गावाला त्याची झळ फारशी लागली नव्हती. गाव सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठी. नदीवर आमचं इंजिन होतं आणि त्या पाण्यावर अठरा एकर ऊस उभा होता. सांगलीचं कॉलेज जवळ असूनही आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला साताऱ्याला धाडलं. जवळ ठेवलं तर हा दर शनिवारी घरी येऊन बसेल, असं त्यांचं म्हणणं.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघं. माझा जोडीदार म्हसवडकडचा. त्याचे वडील पलटणीत असतानाच गेले होते आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. त्याच्याकडं एक पत्र्याची पेटी, दोन पायजमे आणि वडिलांचा जुना लष्करी स्वेटर. माझ्याकडं टेरिकॉटच्या तीन पँटी, मनगटात घड्याळ आणि आईनं भरून दिलेला तुपाचा डबा. कुणीही बघितलं असतं तर त्यानं माझा हेवा करावा असंच म्हटलं असतं. झालं उलटं.

तो 'कमवा आणि शिका'त होता. घरची परिस्थिती नसलेल्या मुलांनी रोज सकाळी दोन-तीन तास कॉलेजच्या शेतात राबायचं, त्यातून त्यांचं जेवण आणि फी भागायची, अशी ती योजना. पहाटे पाचला व्हरांड्यात पावलं वाजायची. कुणीतरी आमच्या दारावर बोटानं टकटक करायचं आणि हा स्वेटर चढवून निघायचा. मी पांघरुणात जागाच असायचो. सूर्य वर आला की पोरं परत यायची. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, अंगाला ओल्या मातीचा वास, आणि तोंडं हसरी. मोठ्या पातेल्यात चहा व्हायचा, भिजवलेले हरभरे वाटले जायचे. मी ब्रश तोंडात धरून गॅलरीत उभा राहायचो आणि बघायचो. आज कोण चिखलात आपटला, कुणी मिरचीचं रोप तण म्हणून उपटलं, असलं काहीतरी चाललेलं असायचं. खोलीत आल्यावर मी त्याला विचारायचो, काय झालं रे एवढं हसायला? तो सांगायचाही. पण सांगितल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरत नसे.

योजना बघणारे सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. सकाळी मात्र ते अर्ध्या चड्डीत, हातात खोरं घेऊन पोरांच्या बरोबरीनं उभे. कमवा-शिकाच्या प्रत्येक मुलाचं गाव, घर, आईचं दुखणं त्यांना ठाऊक. वर्गात ते या मुलांकडे बघून बोलायचे. मी पहिल्या बाकावर बसायचो, चाचणीत वरचे मार्क घ्यायचो, तरी सहामाहीपर्यंत त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. 'ए, घड्याळवाला' म्हणायचे.

एकदा माझ्या जोडीदाराला ताप भरला. दुपारी सर स्वतः खोलीवर आले. घरून तांदळाची पेज आणली होती. त्याच्या कॉटवर बसून त्यांनी त्याला ती पाजली, आईला कळवू का म्हणून विचारलं, अर्धा तास थांबले. मी समोरच्या कॉटवर पुस्तक उघडून बसलो होतो. जाताना म्हणाले, "ह्याच्याकडं लक्ष ठेव." महिनाभरापूर्वी मी चार दिवस तापानं पडलो होतो, तेव्हा गावाकडून आबा जीप घेऊन आले, डॉक्टर झाला, मोसंब्यांची करंडी आली. सर काही आले नाहीत. त्या दिवशी जोडीदार झोपल्यावर मी त्या पेजेच्या भांड्याकडं बघत बसलो होतो. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त कशानं जळायला व्हायचं, तर त्यांना पिकाला पाणी पाजता येत नव्हतं. माण-खटावच्या कोरड्या मुलखातली पोरं ती. पाटाला पाणी सोडलं की कुठल्या वाफ्याचं दारं कधी मोडायचं, कुठलं बांधायचं, हे त्यांना कळायचं नाही. एक वाफा तुंबायचा, पुढचा कोरडा राहायचा. मी दहा वर्षांचा असल्यापासून उसात दारं धरलेली. गॅलरीतून ते बघताना हात शिवशिवायचे. शेवटी एकदा सरांना गाठून म्हणालो, मलाही योजनेत घ्या. त्यांनी माझ्या घड्याळाकडं बघितलं.

"तुझ्या घरचा ऊस कारखान्याला जातो ना?"

"होय सर."

"मग ही जागा तुझी नाही. ज्याला गरज आहे त्याची आहे."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण दिवाळीला गावी गेलो ते मनात धरूनच. आमची सगळी जमीन अजून आजोबांच्या नावावर होती, आबांच्या नावावर गुंठाभरसुद्धा नव्हती. तलाठी आमच्याच सोप्यात बसून चहा प्यायचे. आबा कारखान्यावर गेलेले बघून मी त्यांच्याकडं उत्पन्नाचा दाखला मागितला. "फीच्या नादारीला पायजे व्हय?" म्हणाले आणि लिहून दिला. आबांचं, म्हणजे खातेदाराच्या मुलाचं म्हणून जे काही उत्पन्न कागदावर दिसत होतं, ते शेतमजुराहून कमी होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या सत्राला योजनेत एक जागा मोकळी होणार होती. तिची वाट बघत एक मुलगा आधीच हॉस्टेलात थांबला होता. लोणंदचा. बाप तिथल्या कांद्याच्या बाजारात हमाल. त्याची खाणावळीची सोय नव्हती, म्हणून माझा जोडीदार आपल्या वाटणीच्या भाकरीतली अर्धी त्याला द्यायचा. दोघं आमच्याच खोलीत जमिनीवर बसून खायचे. माझा तुपाचा डबा मी पुढं केला की दोघंही म्हणायचे, असू दे. आपसांत मात्र एका ताटात जेवायचे. त्याचाही मला राग यायचा.

पुढं बरीच वर्षं मी सांगत आलो की जागा एकच आहे हे मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी अर्ज सरांच्या हातात दिला नाही, ऑफिसात दिला. तिथल्या कारकुनानं दाखले बघून यादी केली आणि फळ्यावर लावली. तीत माझं नाव होतं. लोणंदचा मुलगा फळ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा जोडीदार त्याची वळकटी खांद्यावर घेऊन त्याला स्टँडवर सोडून आला. आल्यावर वही काढून माझ्याकडं पाठ करून बसला.

पहिल्या सकाळी मी पाटावर उभा राहिलो आणि तासाभरात सगळे वाफे भिजवले. एक थेंब वाया गेला नाही. सर यादी न बघताच आले असावेत. मला बघून जरा थबकले, मग म्हणाले, "ऑफिसनं घेतलं म्हणजे दाखला बरोबर असणार." पाण्याकडं बघून त्यांचा चेहरा मात्र खुलला. "बघा रे, पाणी असं पाजतात," पोरांना म्हणाले. आयुष्यात मला पुढं पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण तेवढी गोड एकही लागली नाही.

मग चहा झाला. मी हरभरे घेऊन त्यांच्यात बसलो. बोलणं थांबलं नाही, पण पातळ झालं. कुणी मला टाळलं नाही, कुणी तोडूनही बोललं नाही. फक्त जे मी गॅलरीतून ऐकायचो, ते मी बसलो की होत नसे. आठ-दहा दिवस मी वाट बघितली. एकदा मुद्दाम चिखलात घसरून पडलो. एकानं हात देऊन उठवलं आणि लागलं का म्हणून विचारलं. एवढंच.

त्याच दिवशी परत येताना मी जोडीदाराला अडवलं. माझ्यावर राग का, विचारलं. तो खोरं खाली ठेवून म्हणाला,

"राग न्हाई. तुला पाणी चांगलं पाजता येतंय, कारण तुझ्याकडं पाणी हाय. आमी तिकडं टँकर बगायला जमत हुतो. पर ती जागा त्याची हुती, गड्या. तुला काय कमी हुतं रं?"

माझ्याकडं उत्तर होतं. तुमच्यात बसायचं होतं, हे उत्तर होतं. पण एका एकुणीस वर्षांच्या मुलानं दुसऱ्याला हे सांगायचं कसं? मी म्हणालो, काही नाही.

दुपारी मी प्रयोगशाळेत सरांकडं गेलो. जमीन आजोबांच्या नावावर आहे आणि ती अठरा एकर बागायत आहे, एवढं सांगितलं. ते काचेच्या नळ्या पुसत होते. पुसायचं थांबले नाहीत. सगळ्या नळ्या पुसून, रांगेत लावून झाल्यावर म्हणाले, "मी त्याला पत्र पाठवणार नाही. तू जा आणि घेऊन ये."

रविवारच्या एस.टी.नं मी लोणंदला उतरलो. बाजारात विचारत गेलो तर तो एका गाळ्यात दाभणानं कांद्याची पोती शिवत होता. मी सांगितलं, जागा मोकळी झाली, सरांनी बोलावलंय. त्याचं तोंड उजळलं.

"कुणाची मोकळी झाली?"

"माझी."

"का रं?"

"मला गरज न्हवती."

त्यानं हातातलं पोतं शेवटपर्यंत शिवलं, सुतळी दातानं तोडली. मग म्हणाला, "म्हंजे हे तुला आदीपासनं ठावं हुतं." मी मान हलवली. तो उठून बापाला सांगायला गेला. बापानं डोक्याचा पटका सोडून माझ्यासाठी पोत्यावर अंथरला आणि म्हणाला, पोराला एवढ्या लांबनं न्यायला आलासा, जेवून जावा. कांदा, भाकरी आणि तिखट. मी खाल्लं. आत्तापर्यंत त्या पोरांपैकी कुणीही मला आपल्यातलं जेवायला दिलं नव्हतं आणि त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत तो माझ्या पुढच्या बाकावर बसला. हॉस्टेलच्या फाटकात माझा जोडीदार उभाच होता. त्यानं वळकटी हिसकावून घेतली, दुसऱ्या हातानं त्याची मान दाबत त्याला आत नेलं. मी माझ्या रिकाम्या हातांनी मागून गेलो. केलेली चूक निस्तरल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. त्यांना तसं एकमेकांना ओढत जाताना बघून मला पूर्वीपेक्षा जास्त जळजळलं. आधी ते नुसते मित्र होते. माझ्यामुळं आता त्यांच्यात एक ताटातूट आणि एक भेट जमा झाली होती.

जूनमध्ये ते दोघं एका खोलीत राहायला गेले. माझ्याकडं वाईचा एक मुलगा आला, सभ्य आणि अभ्यासू. सर मला तेव्हापासून नावानं हाक मारायला लागले, पण त्यांनी पुन्हा कधी शेतावर बोलावलं नाही आणि मीही गॅलरीत उभं राहायचं सोडलं. बी.एस्सी. होऊन गावी परतलो आणि उसात उतरलो.

ते दोघं पुढं सांगलीत नोकरीला लागले. एक शाळेत, एक बँकेत. काही वर्षांनी त्यांनी शेजारी शेजारी जागा घेऊन घरं बांधली, मधे भिंत न घालता, एकाच अंगणात. वास्तुशांतीला मला आठवणीनं पत्रिका पाठवली. मी गेलो, अहेर केला, पोटभर जेवलो. दोघांनी दोन्ही घरं फिरवून दाखवली, हात धरून. वागण्यात कुठं काही उणं नव्हतं. माझं गावातलं घर त्या दोन्ही घरांच्या तिप्पट आहे.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कशी आहेत घरं? मी म्हणालो, बरी आहेत, अंगण जरा लहान आहे. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"आवं, तुमच्या पोटात दुखतंय," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो, आणि पायातल्या वहाणा काढायला बसलो.