बारावी मुलाखत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी फ्रिजमधलं आइस्क्रीम कुणी संपवलं तेसुद्धा खरं सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण आता माझा मलाच वैताग आलाय.

चाळिशी उलटल्यावर मला मानसशास्त्रात एम.ए. करायची हुक्की आली. थिसिसचा विषय? मुलांकडे परदेशी राहायला आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांचा एकटेपणा. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना उपनगरातल्या आमच्या घरात, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात तो बसलेलाच होता — माझे अप्पा. सांगलीकडचे निवृत्त पोस्टमास्तर. आई गेल्यावर मीच त्यांना हट्टाने घेऊन आले होते.

मी हॅमिल्टनभर फिरून लोकांच्या वडिलांना विचारायचे, "काका, करमतं का हो इथे?" आवाज कसा, अगदी सायीसारखा! घरी आले की अप्पा काहीतरी सांगायला उठायचे — आणि मी? "अप्पा, प्लीज! थिसिस!"

घरच्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही, असा नियम. म्हणून अप्पांची मुलाखत, यादीतली बारावी, माझ्या मैत्रिणीने, वीणाने घेतली. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. संमतीपत्र तीनदा वाचून सही केली. जेवताना म्हणाले, "सगळं खरं सांगितलंय बरं का. तुझ्या उपयोगी पडेल."

कॅसेट ऐकून लिहून काढायचं काम माझं. ऐकली.

"दुपारी पत्रपेटीपाशी जाऊन उभा राहतो," अप्पा सांगत होते. "सायकलवरून पोस्टमन येतो. गठ्ठा नीट लावत नाही, पण माणूस चांगला. 'किआ ओरा' म्हणतो, म्हणजे इथला माओरी नमस्कार. दिवसभरात माझ्याशी आपणहून कुणी बोललं, असं तेवढंच."

वीणाने विचारलं, मुलीशी बोलता का? अप्पा हसले.

"ती म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा अभ्यास करते हो. तिला कशाला त्रास द्यायचा?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं — भांडता तरी आलं असतं.

लाज वाटली का? वाटली. मग उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले का? छे. मी चिडले! पोस्टमनवर, पत्रपेटीवर, वीणावर — इतकं खोदून विचारायला हिला सांगितलं कुणी? मीच सांगितलं होतं. प्रश्न माझेच होते.

आणि मग — लिहून टाकते एकदाचं — मी फॉर्मवर लिहिलं, बाराव्या सहभागी व्यक्तीने माघार घेतली. वीणाला सांगितलं, अप्पांनाच नको वाटतंय. त्या कॅसेटवर लेकीच्या शाळेतली गाणी भरली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, अकरा मुलाखती म्हणजे 'हीप्स', भरपूर झाल्या; 'स्वीट ॲज', काही अडत नाही.

थिसिस बांधून आला, तसा अप्पांनी वाचायला मागून घेतला. चार दिवस पेन्सिल घेऊन वाचत होते. नावं बदललेली होती, त्यामुळे स्वतःला शोधत होते. पाचव्या दिवशी एका पानावर बोट ठेवून माझ्यापाशी आले. तिथे दुसरेच एक काका म्हणत होते, की मी इथे सुखात आहे, मुलगी हवं-नको बघते, मला कशाची उणीव नाही.

"हा मीच ना गं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. "असं म्हणालो होतो होय मी?" पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ ओढली. "म्हणालो असेन. तू उगाच कशाला लिहिशील?"

त्यानंतर अप्पा तीन वर्षं होते. घरी आलेल्या कुणीही करमतं का विचारलं, की त्या पानावरचंच सांगायचे, जवळजवळ शब्दन् शब्द — आणि माझ्याकडे बघायचे, बरोबर आलं ना, म्हणून.

मी मान डोलवायचे.