आठपेडी आसूड आणि महादप्पांचं निर्दोष कुत्रं

महादप्पांच्या कुत्र्यानं आमची मोट खाल्ली नव्हती. ती मी कापली होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवालाही नाही. (त्याला ठाऊक असणारच, पण त्यानं विषय काढला नाही, मग मीही काढला नाही.)

बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव माकणीपासून दोन कोसांवर. विहिरीचा तळ इतका कोरडा, की पडलेला कावळाही पायी चालत वर आला असता! घरात माणसं उरली दोन. एक माझे चुलते तात्या आणि दुसरा मी, धाराशिवच्या कॉलेजातून नापास होऊन परतलेला. बाकीची मंडळी खडी फोडायच्या कामावर गेली होती. तात्यांची बैलजोडीसुद्धा चाऱ्याच्या छावणीत होती. तात्या रोज रिकाम्या गोठ्यात जायचे, दाव्यांना हात लावायचे आणि परत यायचे. मी भाकरी थापायचो. तात्या ती न बोलता खायचे. ती भाकरी खाऊन माणूस बोलू शकत नसे, हेही खरं.

तात्यांना सोबत एकच, समोरचे महादप्पा. दिवस मावळतीला तात्या ओट्यावर उभे राहून हवेत आसूड वाजवायचे. बैल असोत नसोत. फट्ट! की समोरून हाक यायची, "आलो गा, आलो!" आणि महादप्पा तंबाखूची पिशवी घेऊन यायचे. मग दोघं बसायचे. बोलायचे असं नाही. बसायचे.

पण तो आसूड जुना झाला होता. एक दिवस वाजवताना त्याचा शेंडा तुटून उडाला आणि थेट महादप्पांच्या तंबाखूत पडला. तात्या म्हणाले, "पोळ्याला बैलं घरी येतील, तवर नवा पायजे. पण कातडं कुठलं आणावं? समदं कातडं व्यापारी ट्रकनं न्हेतेत."

मी मनात म्हटलं, आपण करायचा! चार पेडांची वेणी तात्यांनीच लहानपणी अंबाडीच्या दोऱ्यांवर शिकवली होती. मी तर आठ पेडांचा करणार होतो. (नापास माणसाची महत्त्वाकांक्षा नेहमी दुप्पट असते.)

कातडं मात्र हवं होतं. गोठ्यात खुंटीवर मोट टांगलेली होती. विहिरीतून पाणी ओढायची ती कातडी मोट. तिची सोंड, म्हणजे पाणी ओतणारी खालची लांब नळी, करडीचं तेल पिऊन पिऊन लोण्यासारखी मऊ झालेली. आता मोटेचा उपयोग काय? सोसायटीकडून पाणी उपसायचं इंजिन मिळणार होतं! चेअरमन गेली दोन वर्षं "पुढल्या सोमवारी" म्हणत होते. माझा सहकारावर विश्वास होता. मी सोंड कापली.

शिवण उसवली, कातडं सपाट केलं आणि कडेकडेनं गोल गोल कापत गेलो. असं कापलं की हातभर तुकड्यातून लांबच लांब वादी निघते. सोंडेच्या जागी कडबा कोंबून वर पोतं बांधलं. लांबून मोट अगदी धडधाकट दिसू लागली. जवळून गरोदर दिसत होती. उरलेले चिंधीएवढे तुकडे मी गोठ्यामागं फेकले.

मग आठ वाद्या भिजवल्या, तेल लावलं, दार आतून लावून त्याच्या कडीला बांधल्या आणि वाद्या ताणून धरून विणायला बसलो. आठ पेडांचं काम एकत्र कुटुंबासारखं असतं. कडेची वादी मागून न्यायची, दोघींच्या खालून काढायची, दोघींवरून घ्यायची आणि परत तिच्या तिच्या बाजूला आणून बसवायची. एकीला जरा ढील दिली, की आठही जणी रुसतात. तीनदा उसवलं. चौथ्यांदा जमलं, आणि पाहतो तर डाव्या हाताची करंगळी वेणीत! तेवढ्यात बाहेरून तात्या.

"दार उघड की रं!"

"उघडता येत न्हाय तात्या!"

"का?"

"म्या... दाराला बांधलोय!"

दाराच्या फटीला तोंड लावून तात्या हळूच म्हणाले, "नापास झालास म्हून असं करू नगं, बाळा. पुन्यांदा बस परीक्षेला."

महादप्पा धावत आले, खांदा लावून त्यांनी दार ढकललं. मी वेणीसकट मागं उताणा. तात्यांनी माझी करंगळी सोडवली आणि मग ती वेणी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"कातडं कुठनं आणलंस?"

"लोहाऱ्याच्या बाजारातनं."

ही पहिली थाप. तात्यांनी वेणीवरून अंगठा फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात आमच्या घरी दिसलेलं तेवढंच पाणी.

पुढल्या साली पाऊस बरा झाला. पोळ्याला बैल छावणीतून परतले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. तात्यांनी आसूड हवेत वाजवला. अंगाला लावायची त्यांची रीतच नव्हती. काय आवाज! शेजारच्या आळीतून माणसं बघायला आली. "आमच्या पोरानं केलाय," तात्या ज्याला त्याला सांगत होते. महादप्पांनीही आसूड हातात घेतला, जवळ नेऊन पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बेस विणलायस." एवढंच.

आणि आठ दिवसांत विहिरीला पाणी चढलं. इंजिन अजून पुढल्या सोमवारीच होतं. तात्या काखेत आसूड धरून मोट काढायला गेले. पोतं सुटलं. कडबा त्यांच्या डोक्यावर पडला.

"सोंड कुठं गेली?"

गोठ्याच्या दारात महादप्पांचा वाघ्या पडला होता. बैल नसताना तो तिथंच झोपायला शिकला होता. त्याच्या पुढच्या पायांत कातड्याचा एक तुकडा होता, मी फेकलेल्यातला. तो तन्मयतेनं चघळत होता.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ह्यानंच खाल्ली व्हय रं?"

तोंड उघडायचं होतं ते तेव्हा. मी उघडलं आणि म्हणालो, "कुत्र्याचा काय भरवसा, तात्या!"

तात्या ओट्यावरून ओरडले, "आप्पा, तुझ्या कुत्र्यानं माझी मोट खाल्ली!"

महादप्पा बाहेर आले. लिंगायताचं घर. मांस तर सोडाच, पण अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारे!

"चामडं? माझ्या दारातलं कुत्रं?" त्यांचा आवाज कापायला लागला. "शिळ्या भाकरीबिगर त्येनं आजवर काय खाल्लं न्हाय! तात्या, बोलणं माघारी घे."

"दात बघ त्येचे!"

"तूच बघ!"

दोघंही वाघ्याचे दात बघू लागले. वाघ्या जांभई देऊन सहकार्य करत होता. गाव जमलं. चेअरमन आले. (इंजिन सोडून ते सगळीकडं वेळेवर यायचे.) त्यांनीच तोड सुचवली: कुत्र्यापुढं एकीकडं भाकरी ठेवायची, एकीकडं चप्पल. काय उचलतंय ते बघायचं. चप्पल कुणाची? चेअरमननी उदारपणे स्वतःची एक काढली. तेल पाजलेली, कोरी, कोल्हापुरी.

वाघ्या आधी भाकरीकडं गेला. "बघा!" महादप्पा ओरडले. वाघ्यानं भाकरी हुंगली. दुर्दैव माझं, ती मी थापलेली होती. त्यानं तोंड फिरवलं, चेअरमनची चप्पल उचलली आणि थेट ओढ्याकडं पळाला!

लोक पोट धरधरून हसले. चेअरमन एका पायावर कुत्र्यामागं धावले. सगळ्या गर्दीत न हसणारे आम्ही तिघंच होतो, तात्या, महादप्पा आणि मी. महादप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवशी मावळतीला तात्यांनी ओट्यावर आसूड वाजवला. सवयच ती. फट्ट! समोरून हाक आली नाही. तात्यांनी पुन्हा वाजवला. मग म्हणाले, "आवाज जात नसंल तिथवर." जुन्या आसुडापेक्षा माझा आसूड दुप्पट वाजत होता.

पुढं इंजिन आलं. मोट कुणाला लागलीच नाही, तरी भांडण राहिलं. सहा वर्षं तात्या रोज एकदा आसूड वाजवत आणि एकटेच तंबाखू मळत. समोरच्या ओट्यावर महादप्पा पाठ करून बसत. मधे वीस पावलांचा रस्ता. तो ओलांडून एक वाक्य बोलायचं काम माझं होतं, आणि मी रोज उद्यावर टाकत होतो. चेअरमनच्या इंजिनासारखं. मग तात्या गेले. महादप्पा खांदा द्यायला आले, तेव्हाही मी काही बोललो नाही.

वर्षभरानं महादप्पा लेकीकडं, कर्नाटकात आळंदच्या बाजूला कायमचे निघाले. मी त्यांचं गाठोडं एसटीपर्यंत नेलं. खांद्यावर तात्यांचा आसूड होता. तो मी तेव्हा कुठंही नेत असे. गाडी यायला वेळ होता. महादप्पांनी आसूड हातात घेतला आणि एका वादीवर अंगठा ठेवला. त्या वादीच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक भोकं होती. शिवणीची.

"सोंड लई चांगल्या कातड्याची हुती रं," ते म्हणाले. "पोळ्यालाच वळखलं म्या. म्हनलं, पोरगं आपल्या तोंडानं सांगंल तात्याला. वाट बघितली."

गाडी आली. आणि मी, तोपर्यंत सोसायटीत सेक्रेटरी झालेला, दोन पोरांचा बाप, काय बोललो असेन?

"कुठली सोंड, आप्पा?"

ते हसले. "बरं," म्हणाले आणि गाडीत चढले. ते पुन्हा दिसले नाहीत.

आसूड माझ्याकडं आहे. वेणीचा एकही पेड सुटलेला नाही, असं उत्तम काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. कधी कधी मावळतीला मी तो ओट्यावर वाजवतो. कुणी येत नाही. यायला उरलंय तरी कोण?

महादप्पांना मी एक "व्हय" देणं लागतो. तात्यांना एक "न्हाय, वाघ्यानं न्हाय". आणि वाघ्याला एक नीट थापलेली भाकरी, जी मला अजून जमत नाही.