चाकूवाल्याच्या घरी भाजी कोण चिरणार

माणसाला छंद असावा, असं म्हणतात. म्हणणाऱ्याच्या घरात बहुधा तो नसतो. सत्तरच्या दशकात आमच्या ह्यांना स्वयंपाकाचे चाकू करायचा छंद लागला. धरमपेठेतल्या आमच्या ओळीत तेव्हा कोणी सुटीच्या दिवशी पत्ते कुटायचं, तर कोणी चांगला चालणारा रेडिओ उघडून कायमचा गप्प करायचं. त्या मानाने तुझं नशीब बरं, असं मला सगळ्यांनी समजावलं. मीही बरं म्हटलं.

कचेरीत आठवडाभर कागद इकडचे तिकडे करणारा हा माणूस रविवारी मागच्या अंगणात आपल्या टेबलाशी उभा राहायचा. भंगारातून आणलेलं करवतीचं जाड पातं सिगडीत तापवून मऊ करायचं, कानशीने आकार द्यायचा, पुन्हा लाल करून तेलात बुडवायचं. कोणत्या तेलात? माझ्या जवसाच्या. मुठीला सागवान, शिसम, कधी तेंदू, आणि तिला चमक यावी म्हणून पुन्हा जवसाचंच तेल. उरलं तर भाजीला. उन्हाळ्यात मुठी तडकू नयेत म्हणून त्या कूलरसमोर ठेवलेल्या असत. आम्ही माणसं तडकलो तरी चालण्यासारखे होतो, म्हणून पलीकडे हातपंखा हलवत बसायचो.

चाकू देखणे होते, हे मान्य करते. पितळी खिळ्यांनी जडवलेली ती मूठ एकदा हातात घेतली की सोडवत नसे. अडचण एवढीच होती, की आमच्या घरात काय नि शेजारात काय, चाकूने कोणी भाजी चिरतच नव्हतं. चाकू म्हणजे फार तर आंब्याच्या फोडी करायला. भाजी चिरायची ती खाली बसून, विळीवर. पण ह्यांनी चाकू हौसेने वाटले. एका घरी तो बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली गेला. दुसऱ्या घरी डब्यांची झाकणं उचकटू लागला. “जपून ठेवलाय हं,” असं सगळे सांगायचे आणि हे खूश व्हायचे.

सगळ्यात जास्त कौतुक सासूबाईंना. “माह्या पोराच्या हाताले गुण आहे,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि सांगता सांगता विळीवर वांगी चिरायच्या. त्या विळीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. लग्नाला दहा वर्षं झाली तरी मी भाजी निवडावी, धुवावी, शिजवावी, वाढावी, पण चिरायला त्याच. “तुले नाही जमत वं,” एवढ्यावर माझा अर्ज कायमचा निकालात निघालेला. घर कोणाचं ते पाहायचं असेल तर दारावरची पाटी वाचू नये, विळीवर कोण बसलंय ते बघावं.

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला साफ बंदी केली आणि विळी माझ्याकडे आली. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गादी अशी आयती मिळाल्यावर मी पहिले काही दिवस गवारसुद्धा महाराणीच्या थाटात चिरली. सासूबाई खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत. जेवताना भाजीला नावं ठेवत नसत. मी मुद्दाम मीठ जास्त घातलं, तरी चकार शब्द नाही. शेजारणीने विचारलं, “काय करून राहिल्या, आजी?” तर म्हणाल्या, “खाऊन राहिली. दुसरं काय?” इतकी वर्षं मला सासूबाईंचा राग राग यायचा, पण त्यांना असं बसलेलं मला बघवेना.

ह्यांनाही बघवलं नसावं. आख्खा पावसाळा खपून त्यांनी आईसाठी एक चाकू केला. काळ्याभोर तेंदूची मूठ, आईच्या मुठीच्या मापाची. अंगणातलं आपलं टेबल घरात आणलं, त्यावर पाट ठेवला, समोर खुर्ची मांडली. “माय, आता मस्त बसून चीर.”

सासूबाईंनी चाकू दाबला आणि वांगं पळालं. पुन्हा दाबला, तर बोट थोडक्यात वाचलं.

“हे धरू कसं गा?”

“असं... म्हणजे तिरपं... सरळच धर नं.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि विटांसारख्या फोडी पाडल्या. मग आम्ही दोघींनी कारागिराकडे पाहिलं. घरभर चाकू करणाऱ्या या गृहस्थाने जन्मात एक भेंडी चिरली नव्हती. त्यांनी मोठ्या रुबाबात चाकू उचलला आणि वांगं थेट पलंगाखाली गेलं. मला हसू आवरेना.

सासूबाई हसल्या नाहीत. “राहू दे,” म्हणाल्या, “मी आता कामाची नाही राहिली.” त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

त्यांनी ह्यांच्या हातातला चाकू मागून घेतला. मग तो उलटा केला. मूठ टेबलाच्या कडेशी गच्च दाबून धरली, पातं उभं, धार आपल्याकडे, आणि दुसऱ्या हाताने वांग्याची फोड धारेवर सरकवली. पातळ काप खाली पडला.

“काय करून राहिली, माय? लागन नं!”

“विळीत पातं हलत नाही, वांगं हलते. माह्या हाताले तेच समजते. याची मूठ काढ अन् पातं फळीत ठोक.”

“मूठच तर खरी आहे त्याची,” हे कसेबसे म्हणाले.

“मंग मूठ ठेव तुह्यापाशी.”

ह्यांनी पितळी खिळे स्वतःच ठोकून काढले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. टोमणा मारायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती, पण जीभ उचलली नाही. पातं फळीत उभं बसवलं, फळी टेबलाला आवळली. सासूबाईंनी अर्धा किलो वांगी बघता बघता संपवली आणि मान वर न करता म्हणाल्या, “अजून एक बनवजो.”

“कोणाले?”

“हिले. ते एकटी खाली बसून राहते. माह्या बाजूले बसव तिले.”

हे उठले आणि कपाटातला त्यांचा सगळ्यात आवडता, शिसमच्या मुठीचा चाकू घेऊन आले. हातोडीही आणली. मी सासूबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मला रडू फुटलं.