घरात कमावतं कोण?

आम्हा सर्व्हेवाल्यांकडं किस्से साठायला वेळ लागत नाही. दार वाजवायचं आणि "घरात महिन्याला किती येतात?" असं विचारायचं, हेच काम. खरं उत्तर क्वचित मिळतं, किस्सा मात्र हमखास! सध्या मी आणि जोडीदार श्रीशैल टपरीवर हेच उगाळत बसतो. महिनाअखेरीला आमचं कंत्राट संपतंय. पुढचं कुणी बोलत नाही, आणि घरी सांगायचा धीर मला होत नाही.

*

अक्कलकोटच्या वाटेवर एका मेंढपाळ आजोबांना विचारलं, "मेंढरं किती?"

"मोजत न्हाय. मोजली की घटत्यात!"

"मग हरवलेलं कळतं कसं?"

"तोंडावरनं की! तुमच्यातला एक कमी झाला तर सायबाला कळत न्हाय व्हय?"

श्रीशैल हसला. मला हसू आलं नाही.

*

सोलापुरात एका विणकराच्या घरी कोपऱ्यात उंच काहीतरी चादरीखाली झाकलेलं. फ्रीज दिसला तर रेशनकार्ड जाईल ही भीती!

"खाली काय हाय?" श्रीशैलनं विचारलं.

"चादरीच हायेत," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात चादरी घुंऽऽ करायला लागल्या. आम्ही पाणी पिऊन उठलो.

*

टेंभुर्णीचा ढाबेवाला तर थेट म्हणाला, "सर्व्हे टॅक्सचा का योजनेचा, ते आधी सांगा. दोन्ही उत्तरं तयार हायेत!"

*

ट्रेनिंगला पुण्याचा एकजण सांगत होता, "आमच्याकडं तीन गाड्यांवालासुद्धा स्वतःला मिडलक्लास म्हणवतो." जेऊरला पत्र्याच्या खोलीतली मजूर बाईही तेच म्हणाली, "आमी मधलंच की. आमच्या खाली बी लई हायेत." त्या दिवशी मी स्वतःचा उत्पन्नगट काढून पाहिला. मधला निघाला, पण या महिन्यापुरता.

*

आणि परवा सॅम्पलमध्ये माझंच घर निघालं! आपलं घर आपण करायचं नाही, हा नियम. श्रीशैल आत गेला, मी बाहेर खिडकीखाली उभा. कंत्राटाचा विषय काढायचा नाही, असं त्याला बजावलं होतं. तरी कान आतच लावले होते.

"वहिनी, घरात कमावतं कोण?"

"हेच की," बायको म्हणाली. "पण पुढच्या महिन्यापासून माझं नाव लिहा, भावजी. कडक भाकरीची ऑर्डर धरलीय मी." मग तिचा आवाज खाली आला. "आणि मला कळलंय, हे ह्यांना सांगू नका हां. बिचारे लपवून लपवून दमलेत!"