सकाळच्या बसचं कामकाज

माझं मेडिकल स्टोअर आहे आणि समोर पानठेला आहे. या दोन गोष्टी समोरासमोर असल्या की माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गिऱ्हाईक गोळी घेऊन निघून जातं, किस्सा काउंटरवर राहतो. आता इतके साचलेत की कुठून काढावे कळत नाही. त्यातले बरेचसे सरकारचे आहेत. म्हणजे सरकारनं केलेले नव्हेत, सरकारच्या मागे लागलेल्यांचे. मी त्या मंडळींत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं दुकान समोर आहे, एवढंच.

मंडळी तीन. भास्कर सर, हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेले. गौतमदादा, निवृत्त वायरमन, अजूनही चालताना मान वर, तारांकडे. आणि विमलकाकू. काकूंना पानाचा शौक नाही आणि राजकारणाचा तर त्याहून नाही. त्यांना फक्त एक बस पाहिजे होती.

आमचं गाव हिवरखेडच्या पुढं. गावातून सकाळी सातची बस अकोटला जायची. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत बंद झाली ती झालीच. काकूंची नात पूजा अकोटला बारावी सायन्सला. नऊच्या बसनं गेली की प्रॅक्टिकल संपलेलं. कॉलेजनं हजेरी कमी असल्याचं कळवलं, तेव्हा पूजाच्या बापानं निकाल लावला. हजेरी नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर घरी बस, पाहुणे बोलावतो. काकू त्याच्याशी भांडल्या नाहीत. चपला घातल्या आणि पानठेल्यावर आल्या.

*

भास्कर सर म्हणाले, पहिली पायरी ग्रामसभा.

आता आमच्या गावची ग्रामसभा पहिल्या दिवशी कधीच होत नाही. पहिल्या सभेला कोरम लागतो, तहकूब झालेल्या सभेला लागत नाही, हे साऱ्या गावाला पाठ आहे. म्हणून पहिल्या दिवशी माणसं येतात, पण आत जात नाहीत. रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभी राहून सभा तहकूब व्हायची वाट पाहतात, आणि झाली की समाधानानं घरी जातात.

काकूंना हे माहीत नव्हतं. त्या आत जाऊन सतरंजीवर एकट्याच बसल्या. ग्रामसेवकानं सांगितलं, कोरम नाही. काकूंनी हात वर केला. "मी हाय ना. माही हजेरी लावा."

लावावी लागली. मग काकूंनी दारात येऊन लिंबाखालच्या गर्दीला विचारलं, तुम्ही तिथं उभे राहून काय करून राहिले? नागरिकशास्त्राचे सर शांतपणे म्हणाले, "तहकुबीची वाट पाहून राहिलो."

पुढच्या सभेत बसचा ठराव एकमतानं पास झाला. काकूंची मात्र एक समजूत कायमची पक्की झाली. सरकारी कामात बोलणं नंतर, आधी हात वर करायचा.

*

दुसरी पायरी ऑनलाइन तक्रार. ती गौतमदादांनी केली, कारण त्यांचा अंगठा मोबाइलवर बरोबर पडतो. पंधरवड्यानं उत्तर आलं: सदर मार्गावर नऊ वाजताची बस नियमित सुरू आहे. खाली विचारलं होतं, या उत्तराला पाचपैकी किती तारे द्याल?

गौतमदादा एक द्यायला निघाले. सरांनी फोन हिसकावला. पस्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस, असा कसा मार्क देईल? चष्मा लावून उत्तर दोनदा वाचलं आणि दोन तारे दिले. चार दिवसांनी कचेरीतून एका साहेबाचा फोन आला, दोनच का दिले म्हणून. बिचाऱ्याला वाटलं असेल, माणूस चिडलेला आहे.

"उत्तर प्रश्नाले धरून नाही," सर म्हणाले. "एक तारा शुद्धलेखनाचा, एक ग्रेसचा. पुन्हा लिहून आणा."

*

मग आमदारांना निवेदन. आमच्याकडं निवेदन म्हणजे फोटो. आमदार मधे, दोन्ही बाजूंनी माणसं, कागद सगळ्यांच्या हातात, आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडं. कागदाकडं पाहणारा माणूस फोटोत शोभत नाही.

फोटो फर्मास आला. संध्याकाळी तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरला, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला. पानठेलेवाल्या राजूनं तो कापून काचेला चिकटवला. तिसऱ्या दिवशी सर माझ्याकडं बीपीची गोळी घ्यायला आले आणि पैसे काढताना खिशातून निवेदन निघालं. फोटो झाल्यावर आमदारांनी कागद सोडला, सरांनी धरूनच ठेवला होता.

मंडळी पुन्हा गेली. या वेळी आधी कागद दिला, शिक्का घेतला आणि सरळ परत आली. तर गावात कोणी विश्वासच ठेवीना. फोटो कुठाय, म्हणे. राजूसुद्धा म्हणाला, "पहिलं निवेदन खरं होतं बा."

*

पण कागद पोचला होता. आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात बसचा प्रश्न टाकला. तोवर पूजा कधी दूधवाल्याच्या गाडीवर, कधी नऊच्या बसनं जात होती, आणि घरी एक पाहुणे पोहे खाऊन गेले होते. काकू हे सांगताना हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. मला त्या दिवशी बरं वाटलं नाही.

पानठेल्यावर मोबाइलवर अधिवेशन पाहणं सुरू झालं. फोन राजूचा, म्हणून अध्यक्ष राजू. हळूहळू पानठेल्यालाही सभागृहाचे नियम लागले. बोलायचं तर उभं राहून, आणि राजूकडं तोंड करून. एकदा गौतमदादांनी पिण्याचं पाणी आणायची पाळी आली म्हणून सभात्याग केला. राजूनं बजावलं, सभात्याग केलाच आहे तर येताना कॅन भरून आणा.

*

प्रश्नाच्या दिवसाचे गॅलरीचे चार पास मिळाले. चौथा मी घेतला. मला नागपूरला होलसेलरकडं काम होतं.

गॅलरीत बसण्याआधी बजावून सांगतात: बोलायचं नाही, टाळ्या नाहीत. आम्ही चौघं हात मांडीवर ठेवून बसलो. खाली आमचा प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं, की सकाळच्या वेळी या गावातून प्रवासी मिळत नसल्यानं फेरी बंद करण्यात आली आहे.

काकूंचा हात वर गेला.

सरांनी डोळे मिटले. पहाऱ्यावरची बाई लगबगीनं आली आणि हळूच म्हणाली, आजी, हात खाली घ्या, इथं बोलता येत नाही.

"मी कुठी बोलून राहिली?" काकू तितक्याच हळू म्हणाल्या. "प्रवासी नाही म्हणते ना थो. हजेरी देऊन राहिली."

बाईनं त्यांना बाहेर नेलं. पण हात खालच्यांनाही दिसला होता. आमचे आमदार उठले. गॅलरीचा उल्लेख करता येत नाही, म्हणून ते इतकंच म्हणाले, "अध्यक्ष महोदय, प्रवासी आहेत. मी आत्ताच पाहिलेत." सभागृहात हशा झाला. मंत्रीही हसले आणि म्हणाले, बस महिनाभर चालवून पाहू, प्रवासी दिसले तर कायम करू.

*

जानेवारीतल्या एका सोमवारी सात वाजता बस आली. थंडी मरणाची. स्टँडवर अर्धं गाव उभं होतं. सर, गौतमदादा, राजू, लिंबाखालचे सगळे, आणि पूजाचा बापही. मीही दुकान बंद ठेवून गेलो होतो, आणि अकोटला मला काही काम नव्हतं.

बस भरली. कंडक्टर तिकिटं फाडत विचारत होता, एवढ्या सकाळी अकोटला कशासाठी? सर म्हणाले, काही नाही, परत यायचं आहे. पुढच्या चौघांनी तेच सांगितलं, तेव्हा त्यानं विचारणं सोडून दिलं.

पूजा शेवटी चढली. पाठीवर दप्तर, हातात प्रॅक्टिकलची वही. एकही सीट रिकामी नव्हती. तिच्या बापानं तिच्याकडं पाहिलं आणि उठून जागा देऊ लागला. काकूंनी मागून त्याच्या स्वेटरला धरून खाली ओढलं.

"तू बस," काकू म्हणाल्या. "ते शिकाले चालली, उभी राहीन. आपुन गिनतीले आलो."