बिनझाडाच्या बेटावर वटपौर्णिमा

चूक माझीच. पार उत्तरेकडच्या शेटलंड बेटाची तिकिटं काढताना मी जूनचे लांबलचक दिवस बघितले, बोटीच्या वेळा बघितल्या. वटपौर्णिमा तेवढी बघितली नाही. आईच्या मात्र पक्कं लक्षात होतं. सूत, हळदकुंकू, हाउन्सलोच्या बाजारातून आणलेले आंबे, सगळं तिनं मेडनहेडला घरीच बॅगेत भरलं. "झाड काय गं, कुठंही मिळतं," म्हणाली. मागच्या वर्षी पार्कातल्या मेपलवर भागवलं होतंच.

बाबा दरवर्षी तिला चिडवायचे, "सात जन्म मागतेस, पण मला कुणी विचारलंय का?"

बेटावर उतरलो आणि बघते तर काय, झाड नावाची चीजच नाही! काळी दलदलीची माती, खडक, गवत, मेंढ्या. वारा असा की गाडीचं दार उघडायला दोघं लागावीत. बाबा भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. हिवाळ्यात बायपास झालेली, पण उत्साह बघा! "खारा वारा, वर मेंढ्या, झाड जगणार कसं? इथं आडोशालाच काय ते उगवतं."

"अहो, तुमचा भूगोल ठेवा बाजूला!" आई रडवेली होऊन म्हणाली. बेचाळीस वर्षांत एकदाही व्रत चुकलं नव्हतं, आणि नेमकं याच वर्षी चुकायचं? ऑपरेशन थिएटरबाहेर तिनं देवाला काय काय कबूल केलं होतं, ते मी ऐकलं होतं. मला माझाच भयंकर राग आला.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी अभिमानानं दगडी भिंतीमागं नेलं. तिथं गुडघ्याएवढं एक रोपटं होतं. वय म्हणे वीस वर्षं.

"याला फेरे घालायचे की दूध पाजायचं?" आई म्हणाली. मग तिनं शेजारी धापा टाकत टेकलेल्या बाबांकडे पाहिलं. "उठा. इथं सगळ्यात उंच तुम्हीच आहात."

"मी? अगं, लोक काय म्हणतील?"

"मेंढ्या काही म्हणत नाहीत. उभे राहा, आणि हलू नका."

मालकीणबाईंनी ताट धरलं, मी अंगातला रेनकोट काढून वारा अडवायला पडद्यासारखा ताणला. आई फेरे घालू लागली. सूत कधी बाबांच्या चष्म्यात, कधी माझ्या तोंडात. मी हसून हसून बेजार. छातीवर, टाके घातलेल्या जागी सूत आलं, तशी आई जरा थांबली, ते हातानं नीट बसवलं आणि पुढं गेली. माझं हसणं तिथंच थांबलं.

"झाले सात," आई म्हणाली. "सुटा आता."

बाबा हलले नाहीत.

"वारा फार आहे गं," ते म्हणाले. "एखादा उडाला असेल. अजून एक घाल."