हँडल फिरवणारा हात

काकूचा मेसेज आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बसमध्ये होतो. ‘काकांना ट्रकने उडवलं. गेले.’ एवढंच. पुढच्या स्टॉपला उतरलो आणि बर्फात नुसताच उभा राहिलो...

शेजारचे काका म्हणजे रिटायर्ड ट्रॉमा सर्जन. आयुष्यभर गोळ्या लागलेली, गाडीखाली चिरडलेली माणसं शिवली, आणि मग वेड कसलं घेतलं, तर शांघायला पहिल्यांदा सिनेमा नेणाऱ्या गोऱ्या कॅमेरामन लोकांचं. लिलावात त्यातल्याच एकाचं रीळ मिळालं. भर चौकात शिरच्छेद. गुडघ्यावर बसवलेला माणूस, वर उचललेली तलवार, आणि शेजारी हॅटवाला साहेब हात वर करून... थांबा, ऊन येऊ दे. मग हात खाली, तलवार खाली, डोकं धुळीत.

काका म्हणायचे, "अरे, साहेब तर फ्रेममध्ये उभाय. मग हँडल कोण फिरवतंय?" तेव्हाचा कॅमेरा हाताने, एका लयीत फिरवायचा. हात मंदावला की फ्रेम कमी भरतात आणि पडद्यावर माणसं धावतात. या रिळात नेमकी तलवार पडताना सगळे एकदम धावतात. "साहेबाने शिकवलेला कुणी चिनी असिस्टंट असणार. हात अडला त्याचा. पुस्तकात नाव साहेबाचं, याचं फक्त एवढंच उरलंय."

आणि युनिव्हर्सिटीतल्या शोसाठी स्कॅन करणाऱ्या लॅबने काय करावं, तर सॉफ्टवेअरने स्पीड सरळ केला. आता मान सावकाश, नीट, स्वच्छ कापली जात होती. काका भडकले. "खुनाला इस्त्री केली रे यांनी." भांडून मूळ स्कॅन मागवलं. ते आलं तेव्हा काका नव्हते.

कुठली कॉपी दाखवायची, ते आता काकूने ठरवायचं होतं. "घरात मुडदे नकोत," म्हणत तिने ते रीळ कधी पाहिलंच नव्हतं. मी दोन्ही लावून दाखवल्या. म्हटलं, "काकू, काकांची लावली तर लोक हसतील. कॉमेडी वाटते यार ती."

"हसू देत," ती म्हणाली.

शोच्या दिवशी हसलेच. मागे बसलेले दोघं. काकू उठून पडद्यासमोर गेली. "समबडी इज टर्निंग द हँडल," ती म्हणाली. "ही स्टॉप्ड." मग मला, "परत लाव रे." पुन्हा तलवार, पुन्हा तो झटका. कुणी हसलं नाही.

परवा तिच्याकडे गेलो होतो. बेसमेंटमध्ये काकांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे. एकेक फ्रेम तासन्‌तास बघायचा हा माणूस, पण चालू फिल्ममध्ये तलवार वर गेली की भिंतीकडे वळायचा आणि मला विचारायचा, "झालं का रे?"

काकू व्हॅक्यूम त्या खुर्चीच्या भोवतीने फिरवते.